निळ्या पोपटाची वंशावळ

बंगळूरच्या शिवाजीनगर बसस्थानकातून बाहेर पडून सेंट मेरी बॅसिलिकाच्या अंगाने चालत गेलं, की रसेल मार्केटची लाल-पांढरी इमारत दिसते. १९२७ साली बांधलेल्या आणि १९३३ साली इस्माईल सेट यांच्या हस्ते खुल्या झालेल्या या मंडईत फुलं, फळं, मासळी, मटण असं सगळं मिळतं. तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत पिंजऱ्यांचाही बाजार भरतो. कॅन्टोन्मेंटच्या काळात या भागाचं नाव ब्लॅकपल्ली होतं. पुढे ते शिवाजीनगर झालं. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या शहरात मराठी घरं आजही पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही घरांच्या गच्चीवर पक्ष्यांचे पिंजरे आहेत. हा लेख त्या पिंजऱ्यांतल्या रंगांविषयी आहे.

गल्लीत शिरल्यावर आधी कलकलाट ऐकू येतो आणि मग रंग दिसू लागतात. एका पिंजऱ्यात बजरीगर दाटीवाटीने बसलेले असतात, शेजारी कॉकटेल, त्यावर लव्हबर्ड. आतल्या बाजूला, दुकानदाराच्या नजरेसमोर, जरा मोठ्या पिंजऱ्यात रिंगनेक असतात. शरीराची ठेवण, लांब शेपूट, वाकडी लाल चोच, सगळं आपल्या राघूचंच. रंग मात्र आकाशी, पिवळाजर्द, राखी, जांभळट, दुधासारखा पांढरा. गिऱ्हाईक उभं राहिलं की दखनीत सुरुवात होते: "देखो साब, ये लूटीनो, ये टरक्वाइज, ये व्हायोलेट. पेअर में लेंगे तो डीएनए पेपर के साथ देंगे." रंगाच्या नावांची ही यादी पाठ असते. पक्षी कुठल्या आईबापाचा, किती महिन्यांचा, आजवर काय खाल्लं, हे विचारलं की उत्तरं आखूड होतात. या बाजाराची सगळी अडचण मला त्या आखूड उत्तरांत दिसते.

आधी रंग कसा बदलतो ते पाहू. हिरव्या पोपटाच्या पिसात हिरवा रंग नसतो. पिसाच्या तंतूच्या बाहेरच्या थरात पिवळं रंगद्रव्य असतं. त्याच्या आत जाळीदार थर असतो. त्यावर प्रकाश विखुरून निळा दिसतो. त्याच्याही खाली मेलॅनिनचा काळा थर असतो, म्हणून तो निळा उठून दिसतो. वर पिवळा, खाली निळा, म्हणून डोळ्याला हिरवा. गच्चीवर गळून पडलेलं निळ्या रिंगनेकचं पीस उचलून सूर्याकडे धरून पाहावं. समोरून प्रकाश पडत असताना आकाशी दिसणारं तेच पीस पाठीमागून प्रकाश आला की मळकट तपकिरी दिसतं, कारण त्यात निळा रंग नाहीच, आहे ती फक्त रचना.

यातला एखादा थर हरवला की बाजारातला एकेक रंग तयार होतो. पिवळं द्रव्य गेलं की पक्षी निळा होतो, आणि नराच्या गळ्यातली गुलाबी कंठीही पांढरी पडते, कारण तीसुद्धा त्याच कुळातल्या द्रव्याची असते. मेलॅनिन गेलं की पक्षी पिवळा, डोळे लाल. कंठी मात्र गुलाबीच राहते. हा लूटीनो. दोन्ही गेलं की अल्बिनो. पोपटांचं हे पिवळं-लाल द्रव्य दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यात सापडत नाही. इतर बरेच पक्षी पिवळा-लाल रंग अन्नातून मिळवतात, पोपट तो स्वतःच्या शरीरात तयार करतो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी बजरीगरच्या निळेपणाचं मूळ शोधलं. हे द्रव्य बनवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं आणि तेवढ्याने पिवळा रंग बनणं थांबतं. त्यांनी न बदललेलं जनुक यीस्टमध्ये घातलं, तर यीस्टने पिवळं द्रव्य बनवून दाखवलं.

म्हणजे रंगबदल हा रोग नाही, हे आधी स्वच्छ सांगायला हवं. पक्षिप्रेमींमध्ये "म्युटेशन म्हणजे आजारी पक्षी" असा एक सरसकट समज आहे आणि तो चुकीचा आहे. रानातल्या थव्यातही अधूनमधून पिवळा पोपट दिसतो. तिथे तो टिकत नाही याचं मोठं कारण शिकरा आणि ससाणा: हिरव्या पानांत पिवळा पक्षी लपणार कुठे? पिंजऱ्यात शिकरा नसतो. नीट जपलेले निळे आणि पिवळे रिंगनेक हिरव्यांसारखेच दीर्घायुषी होतात.

पण रंग हरवताना रंगाबरोबर आणखी काय जातं, याकडे विक्रेता लक्ष वेधत नाही. मेलॅनिन पिसाला मजबुती देतं आणि डोळ्याच्या पडद्याला प्रखर प्रकाशापासून वाचवतं. लूटीनोच्या लाल डोळ्यांत ते संरक्षण नसतं. दिवसभर उघड्या ट्यूबलाइटखाली टांगलेला लूटीनो डोळे मिटून कोपऱ्यात सरकताना दिसतो, तेव्हा तो "शांत स्वभावाचा" असतो असं नाही. पोपटांच्या पिसांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिसं कुजवणाऱ्या जिवाणूंसमोर वेगवेगळ्या रंगांची पिसं ठेवली होती. पांढरी पिसं रंगीत पिसांपेक्षा लवकर झिजली. अल्बिनोजवळ मेलॅनिन नाही आणि पिवळं द्रव्यही नाही. त्याला ऊन-सावली दोन्ही मिळेल अशी जागा, कोरडा पिंजरा आणि आंघोळीला स्वच्छ पाणी, हे लाड नव्हेत, गरज आहे.

आता हिशेब. पक्षिपालक ज्याला स्प्लिट म्हणतात, तो दिसायला हिरवा पण पोटात दुसरा रंग बाळगणारा पक्षी. निळेपणा अप्रभावी आहे. आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. निळा आणि साधा हिरवा यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं हिरवी, पण स्प्लिट. दोन स्प्लिटची जोडी लावली तर सरासरी चारात एक निळं. लूटीनोचा हिशेब वेगळा, कारण तो लिंगाशी बांधलेला आहे. पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. लूटीनोचं जनुक झेडवर बसतं. म्हणून मादीकडे ते असलं तर ती पिवळी दिसतेच. हिरवी असून पोटात लूटीनो, अशी मादी असूच शकत नाही. शिवाजीनगरात काय किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात काय, कुणी "हिरवी मादी, लूटीनो स्प्लिट" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर तिथून सरळ निघावं. तो माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

याच हिशेबाने अल्बिनो किती महाग पडतो ते कळतं. नर निळा आणि लूटीनो या दोन्हींचा स्प्लिट, मादी निळी. अशा जोडीची आठात सरासरी एक पिल्लू अल्बिनो, आणि तीही मादीच. रिंगनेकच्या एका विणीत साधारण तीन-चार अंडी, तेवीस-चोवीस दिवस उबवणं, मग पिल्लं घरट्याच्या पेटीबाहेर यायला सातेक आठवडे. नराच्या गळ्यात कंठी यायला तीनेक वर्षं लागतात, म्हणून नर-मादी ओळखायला पिसं प्रयोगशाळेत पाठवून डीएनए तपासणी करतात. नीट काम करणाऱ्या माणसाला एका नव्या रंगासाठी वर्षंच्या वर्षं थांबावं लागतं.

बाजार थांबत नाही. नवा रंग आला की पहिली दोन-तीन वर्षं त्याला भाव असतो. मग तो रंग घरोघरी होतो आणि भाव पडतो. आज सर्रास दिसणाऱ्या निळ्या रिंगनेकची एके काळी अशीच हवा होती. म्हणून नवा रंग हाताशी आलेल्या पालकाला घाई असते, आणि अप्रभावी रंग लवकर वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे घरातच जोडी लावणं: बाप-लेक, भाऊ-बहीण. सख्ख्या भावंडांच्या जोडीत पिल्लाच्या जनुकांपैकी सरासरी पाव भाग दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा येतो. पुढच्या पिढीत पुन्हा भावंडांचीच जोडी लावली तर तो तीन-अष्टमांशांवर जातो. ज्या पावलाने हवा असलेला रंग बाहेर येतो, त्याच पावलाने नको असलेलं, आजवर झाकलेलं सगळंही बाहेर येतं. अंडी वांझ निघतात, पिल्लं अंड्यातच मरतात, वाकडे पाय, आखूड चोच, कमकुवत प्रतिकारशक्ती.

बजरीगरमध्ये याचं एक क्लेशकारक उदाहरण आहे. फेदर डस्टर नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिल्लाची पिसं वाढायची थांबतच नाहीत. ती लांब, कुरळी होत जातात, डोळे झाकतात. पिल्लाला उडता येत नाही, दिसत नाही, आणि ते बहुधा वर्षभरही जगत नाही. आईबाप दोघेही दिसायला धडधाकट असतात. निळ्या पिल्लाचा जो चारात एकचा हिशेब, तोच इथे लागतो. प्रदर्शनासाठी डोक्याची पिसं मोठी असलेल्या बजरीगरांमधून पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली, तिथेच हा दोष दिसत आला. लूटीनो कॉकटेलच्या तुऱ्यामागचं टक्कल हीही अशीच निवडीतून रुजलेली गोष्ट. तिचा पिवळ्या रंगाशी थेट संबंध नाही. सुरुवातीचे जे थोडे पक्षी जोडीला लावले गेले त्यांच्यात टक्कल होतं, आणि ज्या पालकांनी टक्कल असलेले पक्षी जोडीतून बाजूला ठेवले त्यांच्याकडे ते कमी झालं. थोडा संयम दाखवला तर काय होतं याचं हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं.

रंगाचं वेड नवं नाही. जॉन गूल्ड यांनी १८४० साली ऑस्ट्रेलियातून जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. १९१० साली लंडनच्या प्रदर्शनात आकाशी बजरीगर मांडले गेले आणि लोक वेडे झाले. १९२०च्या दशकात जपानमध्ये रंगीत बजरीगरची लाट आली, भाव आभाळाला भिडले आणि मग कोसळले. रिंगनेकच्या रंगांची मुळं आपल्याकडे आहेत. कोलकात्यात जन्मलेले आल्फ्रेड एझ्रा इंग्लंडमध्ये मोठे पक्षिसंग्राहक झाले. त्यांच्या फॉक्सवॉरन पार्कातल्या पक्ष्यांमध्ये भारतातून गेलेल्या पोपटांचे रंगभेद होते. इथून गेलेले रंग युरोपात वाढले आणि नवी नावं घेऊन इथल्या पिंजऱ्यांत परत आले.

शिवाजीनगराहून थोड्या अंतरावरच्या एका गच्चीवर एक मराठी गृहस्थ रिंगनेक पाळतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. घरात तंजावरी वळणाची मराठी, बाहेर कन्नड, पक्ष्यांच्या व्यवहारात दखनी. दिवाळी उलटली की ते पेट्या टांगतात. दक्षिणेत रिंगनेकचा हंगाम हिवाळ्यातच सुरू होतो. प्रत्येक पेटीवर खडूने नर-मादीचे क्रमांक, अंड्यांच्या तारखा. पिल्लू आठवडाभराचं झालं की पायात बंद कडं सरकवतात. पाय मोठा झाला की ते निघत नाही, त्यामुळे पक्ष्याची ओळख आयुष्यभर राहते. वहीत आजी-आजोबांपर्यंतची नोंद. "दोन विणींनंतर पेटी काढून घ्यायची," ते म्हणाले. "ठेवली तर बसतच राहतात. मादी आतून संपते हो." बजरीगरवाल्यांच्या पिंजऱ्यात वर्षभर टांगलेल्या मडक्यांबद्दल त्यांना मनापासून राग आहे, आणि तो योग्य आहे. मडकं दिसलं की बजरीगरची मादी अंडी घालते. पाठोपाठ पाच-सहा विणी झाल्या की हाडांतलं कॅल्शियम उपसलं जातं, अंडं आत अडकतं आणि रात्रीत मादी जाते.

त्यांच्या पिंजऱ्यात समुद्रफेन तारेला बांधलेलं होतं. वाडग्यात मोड आलेली मटकी आणि मूग, किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला. राळे आणि बाजरी होती, पण मोजून. सूर्यफुलाच्या बिया जवळजवळ नाहीत. बाजारातून आणलेले पक्षी मात्र बहुधा बियांवरच वाढलेले असतात. नुसत्या बियांवर जगणाऱ्या पोपटाला अ जीवनसत्त्व मिळत नाही. नाक आणि घशाचं अस्तर खराब होतं, जंतू आत शिरतात. सूर्यफुलाच्या तेलाने यकृतावर चरबी चढते. रंग कोणताही असो, पाळीव पोपट वेळेआधी मरण्याची ही फार साधी आणि फार टाळता येण्याजोगी कारणं आहेत.

संसर्ग ही त्याहून मोठी भीती. चोच-पिसांचा विषाणू, ज्याला पालक पीबीएफडी म्हणतात, तो पिसांच्या धुरळ्यातून आणि विष्ठेतून पसरतो आणि पिंजऱ्यात महिनोन्‌महिने टिकतो. पिसं झडतात, नवी वेडीवाकडी येतात, चोच तुटू लागते; औषध नाही. बजरीगरच्या पिल्लांना मारणारा पॉलिओमाव्हायरस आहे. आणि क्लॅमिडिया सिटासी हा जिवाणू माणसालाही न्यूमोनियासारखा आजार देतो. पक्ष्याला डॉक्सिसायक्लिन साधारण पंचेचाळीस दिवस द्यावं लागतं. दहा ठिकाणांहून आलेले दहा जातींचे पक्षी एकाच भिंतीला टांगलेल्या दुकानात यांतलं काहीही कुणाकडूनही कुणाकडे जाऊ शकतं. त्यात जवळच्या नात्यातून जन्मलेल्या, अशक्त पिल्लांना आधी गाठतं. नवा पक्षी घरच्या पक्ष्यांपासून किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवणं हा नियम त्या गृहस्थांनी कधी मोडला नाही. आजारी पक्ष्याला दुकानात मिळणारे लाल-पिवळे थेंब पाजण्यापेक्षा पक्ष्यांचा डॉक्टर गाठणं बरं. बंगळूरकरांना हेब्बाळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तरी आहे. लहान गावांत ही सोय नाही, आणि तिथेही हे रंग हल्ली कुरिअरने पोहोचतात.

कायद्याचा मुद्दा टाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली राघूला संरक्षण आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. गल्लीत सांगितलं जातं, की निळा किंवा पिवळा रिंगनेक "फॉरेन" आहे, म्हणून चालतो. रिंगनेक म्हणजे राघूच, आणि रंग बदलल्याने प्रजाती बदलत नाही. कायद्यातली नोंद प्रजातीची आहे, रंगाची नाही. आणि बंदिस्त प्राण्याच्या व्याख्येत बंदिवासात जन्मलेलाही येतो. सगळीकडे उघड विक्री चालते म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. परदेशी पोपटांचं वेगळं आहे. बजरीगर, कॉकटेल आणि पीचफेस लव्हबर्ड हे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत नाहीत. मकाव, आफ्रिकन ग्रे, कन्युर मात्र आहेत, आणि २०२४च्या नियमांनुसार त्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करणं बंधनकारक झालं आहे. पक्षी विकणाऱ्या दुकानाला २०१८च्या पेट शॉप नियमांखाली राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. नोंदणीपत्र भिंतीवर आहे का, हे बघायला पैसे पडत नाहीत.

माझं मत असं, की देशी राघूच्या रंगभेदांबद्दल सरकारने मौन सोडावं. हजारो घरांत हे पक्षी आहेत. एकतर स्पष्ट सांगावं की हे चालणार नाही, आणि आहेत त्यांची मुदत देऊन नोंद करून नवी वीण थांबवावी. किंवा कडं, वही आणि तपासणी यांची अट घालून मोजक्या पालकांना परवाना द्यावा. आज आहे ती धूसर अवस्था सगळ्यात वाईट, कारण तिच्यात वही ठेवणारा आणि भावंडांच्या जोड्या लावणारा सारखेच लपून बसतात, आणि रानातल्या ढोलीतून काढलेलं हिरवं पिल्लू त्यांच्याच आडोशाने विकलं जातं.

हे वाचून कुणी पक्षी घ्यायला निघणार असेल, तर रंगाच्या आधी आईबाप दाखवा म्हणावं. पायात बंद कडं आहे का, जोडी कोणत्या नात्याची आहे, गेल्या वर्षी किती विणी घेतल्या, हे विचारावं. विष्ठा, नाकपुड्या, पिसांची चमक बघावी. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नये. आणि गल्लीच्या टोकाला खोक्यात कोंबलेली हिरवी पिल्लं दिसली तर कळवळून विकत घेऊ नका. त्या रिकाम्या जागी दुसऱ्या दिवशी तेवढीच पिल्लं येतात. वनविभागाला फोन करा. महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही वनविभागाचा क्रमांक १९२६ हाच आहे.